जीपची धाप

खिंड अजून दोन वळणं दूर होती आणि नेमेसिओ कालिसायाच्या जीपला धाप लागली. आधी ती नुसती अडखळली. मग मागून काळा धूर सुटला, चाकांनी चार खडे मागं फेकले, आणि इंजिन एकदम गप्प झालं. मागच्या फळ्यांवर बसलेल्या बायकांचं बोलणंही मध्येच थांबलं. वारा तेवढा वाजत राहिला. ऑगस्टचा वारा त्या पठारावर गालाची साल काढतो.

आत नऊ माणसं होती. छपरावर किनवा धान्याची पोती आणि पाय बांधलेल्या दोन मेंढ्या. सगळी विलाकोयो गावची, रविवारच्या बाजाराला निघालेली. नेमेसिओनं चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, हातभर पुढं गेलं आणि पुन्हा मेलं. असं चार वेळा झाल्यावर माणसं न सांगताच खाली उतरली आणि ढकलायला लागली. त्या उंचीवर नुसतं चालताना छाती भरून येते, आणि इथं तर सत्तरीचा म्हातारा सिप्रियानोसुद्धा खांदा लावून उभा होता.

"नेमेसिओ," तो दम खात म्हणाला, "तुझे लामा बरे होते की रं. त्यास्नी कधी ढकलाया लागलं न्हाई."

बायका हसल्या. नेमेसिओही हसला, पण त्याचे कान तापले. एकोणीस लामा, पाठीवर ओझी वाहणारी ती लोकरी जनावरं, विकून त्यानं ही जीप घेतली होती, आणि ते गावात कुणाला सांगायची गरज नव्हती.

शेवटी लोक आपापली गाठोडी पाठीला बांधून पायीच खिंडीकडं निघाले. तेवढ्यात खालून सेवेरोची मिनीबस रिकामीच आली. विलाकोयोची पाळी सेवेरोकडं नव्हती, पण त्याला अशा वेळेचा वास यायचा. त्यानं माणसं भरली, नेमेसिओच्या अंगावरून जाताना दोनदा हॉर्न वाजवला आणि धुळीत दिसेनासा झाला.

वाहतूक संघाचा नियम साधा होता. ज्या गावाची ज्याच्याकडं पाळी, त्यानं रविवारी माणसं बाजारात पोचवायची. सलग तीन रविवार पोचवली नाहीत तर पाळी दुसऱ्याला जायची, आणि दुसरा म्हणजे सेवेरो हे लहान पोरालाही ठाऊक होतं. नेमेसिओकडं आता लामा नव्हते. पाळी गेली तर दारात उभी राहणारी एक लोखंडी पेटी तेवढी उरणार होती.

त्याला कळत नव्हतं ते हे, की जीप आली तेव्हा असं काही नव्हतं. जुलैच्या शेवटी बाजाराच्या गावातून त्यानं ती स्वतः चालवत आणली होती, हीच खिंड ओलांडून, आणि चार पाहुणे आत बसवून. चारी चाकांना जोर देणारा दांडा ओढला की ती रेड्यासारखी चढायची. विकणारा माणूस मिठाच्या वाळवंटाकडचा होता. बोलायला कमी. बॉनेटच्या उजव्या अंगानं काचेच्या कडेला वर गेलेली एक जाड काळी नळी होती, वरचं तोंड पुढं वळलेलं. ती कशाला असं नेमेसिओनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, पाण्यातून जायला. विलाकोयोत नदी नव्हती. नेमेसिओनं त्या नळीचा विचार तिथंच सोडून दिला.

मग ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी जीपची पूजा झाली. नवं वाहन घेतलं आणि त्याला पाजलं नाही असं तिकडं होत नाही. बॉनेटवर रंगीत कागदाच्या माळा, टपावर फुलं, चाकांवर बिअर, चार फटाके. सगळं नेमेसिओच्या आईनं, कासिमिरानं, आपल्या हातानं केलं. घरात अशा कामात तिच्यापुढं कुणाचं चालत नसे. पूजा झाल्यावर पुरुष मंडळी उरलेल्या बिअरच्या पेट्यांकडं वळली. म्हातारी मात्र बराच वेळ जीपपाशी एकटीच काहीतरी पुटपुटत उभी होती.

आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी जीप मेली.

सोमवारी मेव्हणा रुफिनो आला. नेमेसिओच्या बायकोचा, सातुर्निनाचा, हा धाकटा भाऊ कधीकाळी खाणीवर ट्रक चालवायचा, आणि ते चार महिने त्याला आयुष्यभर पुरले होते. त्यानं बॉनेट उघडलं, हात कमरेवर ठेवले आणि इंजिनाकडं न बघताच सांगून टाकलं, पेट्रोलमध्ये पाणी हाय. मग दोघांनी मिळून टाकी रिकामी केली, पेट्रोल तीन वेळा फडक्यातून गाळलं, नळ्या तोंडानं फुंकून काढल्या. रुफिनोच्या घशात घोटभर पेट्रोल गेलं आणि तो दुपारभर भिंतीला टेकून ओकाऱ्या काढत बसला. सातुर्निनाची मोठी पातेली दोन दिवस वास मारत होती. सुपाला पेट्रोलची चव लागते म्हणून पोरं जेवेनात.

"या भांड्यांत गाळलेल्या पेट्रोलवरच माझ्या बहिणीचा संसार वर येईल बघ," रुफिनो बसलेल्या आवाजात म्हणाला.

"आधी भांडी घास," सातुर्निना म्हणाली.

अंगणात उभी करून चालू केली की जीप छान चालायची. ना धूर, ना खोकला. गावाच्या सपाट रस्त्यावर तर ती पळायचीच. नेमेसिओ बॉनेटवर हात ठेवून उभा राही, डोळे मिटून आवाज ऐकत राही. लामाच्या बरगड्यांवर हात ठेवला की त्याला आतलं दुखणं कळायचं. इथं हाताला नुसती थरथर लागे, आणि तिच्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नसे.

म्हातारीचं मत वेगळं होतं. ती उंबऱ्यात बसून चुन्यो, म्हणजे थंडीत वाळवलेले बटाटे, निवडत होती.

"उपाशी हाय ती," ती म्हणाली. "ऑगस्टात भुईचं तोंड उघडं असतं. ज्याला तोंड हाय त्याला भूक लागती. तुम्ही तिच्याकडनं काम घेता आणि खायाला काय देता?"

"पेट्रोल देतो की, आये."

"ते पानी झालं."

नेमेसिओला वाद घालायचा नव्हता. तुला करायचं ते कर, म्हणाला. म्हातारीनं मान डोलावली आणि पुढचा बटाटा उचलला.

दुसऱ्या रविवारी सहाच माणसं आली. बाकीची आदल्या संध्याकाळीच सेवेरोला सांगून बसली होती. सातुर्निना आपली चीज घेऊन पुढं बसली, मुद्दाम, नवऱ्याला धीर यावा म्हणून. जीप या वेळी खिंडीच्या खाली पाच वळणांवर मेली. मागच्या वेळी दोनच वळणं राहिली होती. म्हणजे दुखणं वाढत होतं, हे कळायला रुफिनोची गरज नव्हती. धूर इतका काळा की मागच्या फळीवरच्या बाईचं पांढरं गाठोडं काजळलं. पेट्रोलचा कच्चा वास सुटला होता.

सातुर्निना खाली उतरली. चीजचं गाठोडं पाठीला बांधलं, हॅट नीट केली आणि चालायला लागली. नेमेसिओ तिच्या घागऱ्याच्या हेलकाव्याकडं बघत राहिला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

संघाची सचिव दोमिंगा संध्याकाळी वही घेऊन दारात आली. बसली नाही. दोन झाले, एवढंच म्हणाली, आणि नेमेसिओकडं न बघता जीपकडं बघत राहिली. गाडी तर चांगली दिसते, असंही म्हणाली, आणि ते खरंच होतं.

बुधवारी आवेलिनो मिस्त्री आला. तो खिंडीपलीकडं राही, आणि त्याला आणायला सेवेरोच्याच मिनीबसमध्ये जागा मागावी लागली. सेवेरोनं ती हसत हसत दिली. मिस्त्री गंभीर माणूस होता. त्यानं आधी हात धुतले, मग हत्यारं एका फडक्यावर ओळीनं मांडली, मग प्लग काढले. चारीच्या चारी काळे, काजळीनं माखलेले. त्यानं ते नेमेसिओच्या तळहातावर ठेवले.

"जास्त खातीया," तो म्हणाला. "जेवढं पचतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल घेतीया."

"माझी आई म्हणती, ती उपाशी हाय."

मिस्त्रीनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. प्लग घासले. कार्बोरेटर खोलून पितळेची बारीक तोटी काढली, सुईनं साफ केली, पुन्हा बसवली. मग इंजिनाच्या डोक्यावरचा गोल डबा उघडला. त्यात हवा गाळायची कागदी जाळी असते. जाळी पांढरीशुभ्र होती. मिस्त्रीला बरं वाटलं. हवेचं दुखणं नाही, असं म्हणून त्यानं झाकण लावून टाकलं. नळीबद्दल नेमेसिओनं विचारलं तर म्हणाला, ती नदीसाठी, तिचा इथं काय संबंध.

शेवटी कपाळावरचा घाम पुसत त्यानं निदान सांगितलं. ही गाडी समुद्राकाठची. बोटीतून उतरली तेव्हा तिथंच चालवायला तिची तोटी बसवलेली. तिला उंची लागलीय. माणसाला लागते तशीच. डोकं दुखतं, दम लागतो.

"मग ती त्या दिवशी खिंड कशी चढली?" नेमेसिओनं विचारलं.

मिस्त्रीनं हत्यारं एकेक करून फडक्यात गुंडाळली. मग म्हणाला, काही माणसांनाही उंची पहिल्या दिवशी लागत नाही, तिसऱ्या दिवशी लागते. तो प्रामाणिक होता. आपल्याला खात्री नाही असंही त्यानं जाताना सांगितलं, आणि मजुरी निम्मीच घेतली.

रुफिनो म्हणाला पेट्रोल, मिस्त्री म्हणाला उंची, सिप्रियानो म्हणाला विकणाऱ्याची नजर लागली, आणि सातुर्निना रात्री अंधारात म्हणाली, "अवो, चार लामा परत घेता येतील का?" नेमेसिओनं ऐकलं नसल्यासारखं केलं. त्याचं डोकं मेंढ्यांच्या बाजारासारखं झालं होतं. ज्यानं जे सांगितलं ते त्या क्षणी पटायचं, आणि सकाळी जीपसमोर उभं राहिलं की काहीच पटायचं नाही.

शनिवारी दुपारी तो एकटाच जीप घेऊन चढापर्यंत गेला. पहिल्याच वळणावर ती धापा टाकू लागली. त्यानं ती बंद केली, चाकाला दगड लावला आणि रस्त्याच्या कडेला बसून थकवा घालवणारी कोकाची पानं चघळायला लागला. समोरच्या उतारावर कुणाचे तरी लामा चरत होते. त्यातला एक खोकला. नेमेसिओची मान सवयीनं तिकडं वळली. लामा खोकला की त्याचं नाक बघायचं. गवताचं कुसळ अडकलेलं असतं, नाहीतर शेंबूड सुकून बसलेला असतो. तो हे इतक्या वर्षांत हजारदा तरी करून चुकला होता.

तो तसाच बसून राहिला. तोंडातली पानं थांबली.

मग उठला आणि बॉनेट उघडून त्यानं गोल डब्याचं झाकण काढलं. जाळी अजून पांढरी होती. या मुलखात सकाळी धुतलेला सदरा दुपारी मातकट होतो. सेवेरो दर आठवड्याला आपली जाळी भिंतीवर आपटून मूठभर धूळ काढायचा, हे नेमेसिओनं स्वतः पाहिलं होतं. मग जीपची जाळी अशी नव्या नवरीच्या रुमालासारखी कशी? म्हणजे धूळ इथवर येतच नव्हती. धूळ येत नव्हती म्हणजे वाटेत ती कुणीतरी अडवत होतं. आणि धुळीबरोबर आणखी काय काय अडत होतं, कुणाला ठाऊक.

त्यानं इंजिन चालू केलं. गोल डब्याला येणारा रबरी पाइप ओढून काढला आणि डब्याच्या तोंडावर तळहात धरला. हात आत खेचला गेला. पाइप परत बसवून तो पायरीवर चढला आणि त्या काळ्या नळीच्या तोंडावर तळहात धरला. तिथं जवळजवळ काहीच नव्हतं, आजारी माणसाच्या नाकाशी बोट धरावं तेवढंच.

मग तो नळीच्या मागावर निघाला. नळी काचेच्या कडेनं खाली उतरून चाकावरच्या पत्र्यात शिरत होती. तो चाकाखाली उताणा झोपला, पत्र्याच्या आतले चार स्क्रू काढले. आत एक दुसरा डबा होता. मिठाच्या वाळवंटातल्या त्या कमी बोलणाऱ्या माणसानं मिठाची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून बसवलेला, आणि सांगायचा राहिलेला. नेमेसिओनं झाकण ओढलं.

आत जाळीला चिकटून एक जाड, ओली भाकरीएवढी चकती बसली होती. फुलांच्या पाकळ्या, रंगीत कागदाचे कपटे, विरघळलेल्या साखरेच्या वड्या. सगळं बिअरनं चिकट झालेलं. कोकाची पानं होती, तीन-तीनच्या जुड्या करून, देठ एका बाजूला घेऊन नीट लावलेली. अशी पानं विलाकोयोत एकच बाई लावायची.

त्याला राग आला. खूप आला. दोन रविवार, सातुर्निनाचं ते चालत जाणं, सेवेरोचा हॉर्न, रुफिनोची ओकारी, मिस्त्रीची मजुरी, आणि घरात ही म्हातारी रोज पायरीवर चढून जीपच्या नाकात घास कोंबत होती. तिला नळीचं तोंड दिसलं होतं. तोंड आहे म्हणजे भूक आहे. तो मोठ्यानं शिवी देणार होता, पण तिथं ऐकायला लामाच होते.

मग चकतीच्या मध्ये त्याला ती लोकर दिसली. विटकरी रंगाची, लाल धाग्यात वळलेली, बोटाएवढी. चुंपीच्या कानातला गोंडा. चुंपी म्हणजे कळपाचा म्होरक्या, बारा वर्षं सगळ्यांच्या पुढं चाललेला. लामा विकले त्या सकाळी म्हातारी फाटकापर्यंतसुद्धा आली नव्हती. नेमेसिओला वाटलं होतं, तिला काही नाही. तिनं तो गोंडा आदल्या दिवशीच कापून ठेवला असणार. आणि आपल्याजवळ ठेवण्याऐवजी तो जीपला दिला, म्हणजे चुंपीचा जोर हिच्या अंगात यावा.

तो गोंडा हातात धरून नेमेसिओ बराच वेळ चाकाखालीच पडून राहिला. धूळ डोळ्यांत गेली होती, असं म्हणायला हरकत नाही.

दिलेला घास टाकून देता येत नाही. त्यानं सगळं एका फडक्यात गुंडाळून पुढच्या सीटखाली ठेवलं. नंतर कुठंतरी पुरू, तिला कळू न देता. डबा पुसून कोरडा केला, आतली जाळी दगडावर आपटून साफ केली, स्क्रू आवळले. गावात परतताना जीपचा आवाज बदलला होता. ते त्यानं घरात कुणालाच सांगितलं नाही. उद्या पुन्हा तोंडघशी पडायला नको.

रविवारी सकाळी पाच माणसं आली. वळणावर सेवेरोची मिनीबस इंजिन चालू ठेवून उभी होती, आणि दोमिंगा वही काखेत धरून अंगणाच्या भिंतीला टेकली होती. म्हातारी शालीखाली मूठ झाकून जीपच्या उजव्या अंगाला आली आणि तिनं पायरीवर पाय ठेवला.

नेमेसिओ खाली उतरला. त्यानं आईचा दंड धरला.

"आये, आज इथं नको. आज वर खिंडीत दे. चल, पुढं बस."

"मी?" म्हातारी कधी जीपमध्ये बसली नव्हती. "बाजारात माझं काय काम?"

"बाजारात न्हाई. खिंडीत काम हाय."

ती मुठीकडं बघत जरा वेळ उभी राहिली. मग सातुर्निनानं मागून तिला हात देऊन वर चढवलं, आणि जीप निघाली.

पहिलं वळण गेलं. मागं सगळ्यांनी फळ्या घट्ट धरल्या होत्या. जिथं ती दुसऱ्या रविवारी मेली होती ते खिंडीखालचं पाचवं वळण आलं. नेमेसिओचे दात एकमेकांवर दाबलेले होते. वळण गेलं. इंजिन खणखणीत ओढत होतं. त्यानं सुटकेनं डावीकडून उजवीकडं मान वळवली, आणि त्याचा पाय जवळजवळ पेडलवरून सरकला. खडखडाटानं सीटखालचं गाठोडं पुढं आलं होतं. म्हातारीनं ते पायाला लागलं म्हणून उचललं होतं. फडकं तिच्या मांडीवर उघडं होतं. तिच्या बोटांत तो विटकरी गोंडा होता आणि ती समोर रस्त्याकडं बघत होती.

नेमेसिओनं पुन्हा समोर बघितलं. चढच असा होता की नजर काढता येत नव्हती. शेवटची दोन वळणं त्यानं तशीच पार केली. मागं कुणीतरी दम सोडला. समोर आकाश मोकळं झालं आणि वाटसरूंनी पिढ्यान्पिढ्या रचलेला दगडांचा ढीग दिसला, अपाचेता. मागच्या फळीवरून सिप्रियानो म्हणाला, पोचलो म्हणायचं की काय. सातुर्निना हसायला लागली आणि मग तिला ते थांबवता येईना.

इंजिन बंद करायचं धाडस नेमेसिओला झालं नाही. ते तसंच चालू ठेवून तो उतरला आणि दुसऱ्या बाजूनं आईला खाली घेतलं. ती एकटीच ढिगापाशी गेली. गुडघ्यावर बसून तिनं फडक्यातलं सगळं दगडांच्या फटीत ठेवलं, मुठीतलंही ठेवलं, वर बिअरचा घोट ओतला. गोंडा तेवढा तिनं शालीच्या पदरात बांधला. परत येताना वाऱ्यानं तिला दोनदा थांबावं लागलं. नेमेसिओनं आधीच ठरवून ठेवलं होतं, विचारलं तर पेट्रोलमध्ये पाणी होतं असं सांगायचं.

ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"लामा खोकला की आधी काय बघायचं, असं मी तुला शिकवलं होतं?"

"नाक, आये."

"मग दोन आठवडं कुठं बघत होतास, गाढवा?"

नेमेसिओनं मान खाली घातली. म्हातारी वळली, पायरीवर चढली आणि त्या काळ्या नळीच्या तोंडावर आपला तळहात ठेवला. हात आत खेचला गेला. ती दचकली, मग तिनं तो तसाच राहू दिला. जीपमधली माणसं बाजाराला उशीर होतोय हे विसरून तिच्याकडं बघत होती. जरा वेळानं तिनं हात काढला, तळहातावर उमटलेल्या गोल वळाकडं बघितलं, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"चल आता," ती म्हणाली. "घेतीया श्वास."